कोमिकेट: आधी यादी, मग सुटे पैसे, मग विमानाचे तिकीट

टोकियोच्या आरिआके भागातले बिग साइट हे प्रदर्शन केंद्र वर्षातून दोनदा, ऑगस्टच्या मध्यावर आणि डिसेंबरच्या अगदी शेवटी, दोन-दोन दिवस पुस्तकांनी भरून जाते. हेच कोमिक मार्केट, बोलीभाषेत कोमिकेट: चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांचा बाजार. नाशिकची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघत वाढलेली पिढी आता कमावती झाली आहे आणि ‘एकदा जाऊन यायचंच’ म्हणणारे कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॅफेत भेटतील. हे परीक्षण त्यांच्यासाठी. निकाल आधीच सांगून टाकतो: गर्दीच्या व्यवस्थेला पैकीच्या पैकी, पुस्तकांना त्याहून एखादा गुण जास्त, खाण्यापिण्याला काठावर पास, आणि ‘बघू तरी काय काय आहे’ म्हणत रिकाम्या हाताने येणाऱ्याच्या सोयीला सपशेल नापास.

मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन आलेल्यांच्या डोळ्यांसमोर स्टेज, कंपन्यांचे मंडप आणि एका बाजूला चित्रकारांची थोडी टेबले असतात. कोमिकेटला कंपन्या आहेत, पण त्यांना वेगळ्या दालनात बसवलेले असते. बाकी सगळी जागा सर्कलची. सर्कल म्हणजे एक माणूस किंवा दोघे-चौघे मित्र, ज्यांनी स्वतःच्या खिशातून पुस्तक छापून आणले आहे. दोन दिवसांत अशी वीस हजारांहून जास्त सर्कल बसतात. प्रत्येकाला मिळते अर्धे टेबल: ९० सेंटिमीटर लांबी, ४५ सेंटिमीटर रुंदी आणि मागे खुर्च्या. त्या इवल्या जागेत नवे पुस्तक, जुनी पुस्तके, किमतीची पाटी, सुट्या पैशांचा डबा आणि एखादे कापड, एवढा संसार. या पुस्तकांची छपाई करणारे खास छापखाने आहेत आणि ते खोकी थेट त्या सर्कलच्या टेबलाखाली आणून ठेवतात. काहींचे पुस्तक आदल्या रात्री झेरॉक्स काढून स्टेपल मारलेलेही असते. साठच्या दशकातल्या मराठी लघुअनियतकालिकांबद्दल ज्यांनी वाचले आहे त्यांना या कारभाराची जात लगेच ओळखू येईल. जपानमध्येही या प्रकाराची सुरुवात साहित्यिकांच्या गटांनी केली. ‘गाराकुता बुन्को’ हे ओझाकी कोयो आणि त्याच्या मित्रांचे नियतकालिक १८८५ सालचे.

कोमिकेट मात्र चित्रकथांच्या चाहत्यांनी उभारले. पहिले २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोतल्या तोरानोमोनच्या एका सभागृहात भरले. ३२ सर्कल आली होती आणि सुमारे ७०० माणसे. करोनाच्या आधी, २०१९ च्या डिसेंबरात, चार दिवसांत साडेसात लाखांची नोंद झाली. आता तिकीट घेऊनच प्रवेश आहे आणि दिवसही दोनच, त्यामुळे आकडा पुष्कळ खाली आला आहे. जाणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. सुरुवातीपासून एक तत्त्व मात्र बदललेले नाही: इथे ग्राहक कोणी नाही. विकणारा सहभागी, घेणारा सहभागी, रांग लावणारा स्वयंसेवकही सहभागी. वाचायला हे गोड वाटते, पण त्याचे परिणाम रोकडे आहेत. टेबलामागचा माणूस दुकानदार नाही, म्हणून घासाघीस चालत नाही. पुस्तक संपले तर संपले, ‘आतून बघा ना एखादी कॉपी’ म्हणायला आत काही नसते. आणि रांगेत शिस्त राखणे हे जितके स्वयंसेवकाचे काम तितकेच तुमचे.

तिकिटाचे प्रकार समजून घ्या, कारण पहिली गफलत तिथेच होते. सगळ्यात आधी आत सोडणारे महागडे तिकीट सोडतीने मिळते आणि त्यासाठी कित्येक आठवडे आधी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्याखालोखाल सकाळचे, आणि सगळ्यात स्वस्त दुपारचे. सकाळ आणि दुपारचे तिकीट रिस्टबँडच्या रूपात असते. प्रत्येक दिवसाचा वेगळा, त्यामुळे दोन दिवस जायचे तर दोन घ्यायचे. हा पट्टा मनगटाला एकदा चिकटवला की काढता येत नाही. कापला किंवा तुटला तर तो बाद. आदल्या रात्री हॉटेलात हौसेने घालून बघू नका. किमती आणि वेळा दर खेपेला बदलतात, म्हणून जुना व्हिडिओ बघून हिशोब करू नये; अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजी पाने आहेत, तिथलाच आकडा धरा. पहिल्यांदा जाणाऱ्याने सोडतीच्या मागे लागू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दालने साडेदहाला उघडतात. सकाळच्या तिकिटावर आत पोहोचेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजले तरी भिंतीलगतची दहा-वीस बडी सर्कल वगळता सगळे शिल्लक असते. ज्याला कुठले विशिष्ट पुस्तक नको, नुसते फिरायचे आहे, त्याला दुपारचे तिकीट उत्तम: रांग तोकडी, गल्ल्या मोकळ्या, आणि चार वाजेपर्यंत हातात तीन तास.

आता यादी. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कोमिकेटचा कॅटलॉग छापील मिळतो आणि वेबवरही आहे. त्यात प्रत्येक सर्कलचा एक छोटा चौकोन असतो, त्यात त्यांनी स्वतः काढलेले चित्र आणि काय आणणार याची ओळ. सर्कलची मांडणी विषयानुसार असते: अमुक खेळाचे चाहते एका दिवशी एका दालनात, तमुक मालिकेचे दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. रेल्वे, लष्करी वाहने, प्रवासवर्णने, स्वयंपाक, संगणकाचे हार्डवेअर, मांजरी अशा विषयांची माहितीपर पुस्तके काढणाऱ्यांचाही वेगळा विभाग आहे, आणि खरे सांगायचे तर जपानी न येणाऱ्या माणसाला तिथल्या नकाशांनी आणि आकृत्यांनी भरलेल्या पुस्तकांतून सर्वांत जास्त मिळते. तुमचा विषय कोणत्या दिवशी आहे हे कळल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका. विषय पहिल्या दिवशी असताना दुसऱ्या दिवशी टोकियोत उतरणारे काही थोडे नसतात.

वेब कॅटलॉगमध्ये शोध जपानी अक्षरांतच नीट चालतो. मालिकेचे मूळ जपानी नाव कॉपी करून टाका, इंग्रजी नावाने निम्मी सर्कल सुटतात. आवडत्या चित्रकाराचे समाजमाध्यमावरचे खाते आधीपासून पाहत असाल तर काम सोपे होते; कोमिकेटच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाच्या नावापुढे जागेचा क्रमांक दिसू लागतो आणि पुस्तकाची पाने, किंमत, किती प्रती घेता येतील हे एका चित्रात मांडलेले ‘ओशिनागाकी’, म्हणजे मालाची यादी, शेवटच्या तीन-चार दिवसांत येते. यादी तेव्हाच पक्की करायची.

जागेचा क्रमांक वाचता आला पाहिजे. उदाहरणार्थ, ‘पूर्व, आ, १२, ए’. पहिले दालनाची दिशा: पूर्व, पश्चिम किंवा दक्षिण. मग ब्लॉकचे अक्षर, जे कधी इंग्रजी, कधी कताकाना किंवा हिरागाना या जपानी लिप्यांतले असते. मग टेबलाचा क्रमांक, आणि शेवटी टेबलाचा डावा-उजवा अर्धा भाग सांगणारे ए किंवा बी. म्हणून जाण्याआधी दोन्ही लिप्यांची ४६-४६ मूळ अक्षरे ओळखायला शिका. पंधरा दिवस रोज अर्धा तास पुरे. नाहीतर छताला टांगलेल्या पाट्या बघत तुम्ही दालनभर चकरा माराल. यादी दिशेनुसार गटात लावा आणि नकाशावर रंगाने खुणा करा: लाल म्हणजे संपण्याची शक्यता असलेले, निळे म्हणजे दुपारी घेतले तरी चालेल असे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला गर्दीत अर्धा तास सहज जातो, काही मार्ग एकेरी असतात, त्यामुळे इकडून तिकडे दोनदा जाण्याची योजना करू नका. हे सगळे कागदावर छापून न्या. आत हजारो फोन एकाच वेळी चालू असतात, मोबाइल कंपन्या जादा यंत्रणा लावतात तरी नेट रखडते आणि ऐन वेळी नकाशाचे पान उघडत नाही. मागच्या खेपेचा नकाशा तर अजिबात वापरू नका, कोणते दालन कशाला हे बदलत राहते.

भिंतीलगत बसलेली सर्कल म्हणजे ज्यांच्याकडे लांब रांग लागणार हे संयोजकांना आधीच ठाऊक आहे अशी. त्यांच्या मागे दरवाजे असतात आणि रांग दालनाबाहेर उघड्यावर नेली जाते. दालनाच्या मधल्या भागात टेबलांची बेटे असतात. नवखे लोक भिंतीकडे धावतात आणि दीड तास उन्हात उभे राहून एक पुस्तक मिळवतात, जे नंतर दुकानातही मिळणार असते. तेवढ्या वेळात बेटांमधली पंधरा सर्कल झाली असती. भिंतीवरची दोन निवडा, फार तर तीन. बाकी सकाळ बेटांत घालवा. ज्या पुस्तकाच्या पन्नास किंवा शंभरच प्रती छापल्या आहेत ते तिथे असते आणि दुसऱ्या दिवशी जगात कुठेही नसते.

पैसे रोख आणि सुटे. २४ ते ४० पानांचे बी५ आकाराचे पुस्तक साधारण ५०० ते १,००० येनला, रंगीत चित्रसंग्रह १,००० ते २,००० येनला. गेल्या काही वर्षांत येन ५५ ते ६० पैशांच्या आसपास फिरतो आहे, म्हणजे एक पुस्तक तीनशे ते सहाशे रुपयांत पडते. १,००० च्या नोटा आणि ५०० व १०० ची नाणी, एवढाच चलनाचा संच. १०,००० ची नोट पुढे केली तर समोरचा नम्रपणे वाकेल आणि त्याचा सुट्यांचा डबा तुम्ही एका फटक्यात रिकामा कराल; मागच्या रांगेची चुळबुळ वेगळी. टोकियोत उतरल्यापासून सुटे जमवायला लागा. स्टेशनवरच्या यंत्रात सुइका या प्रवासाच्या कार्डात पैसे भरताना मोठी नोट टाकली की उरलेले पैसे सुटे मिळतात, छोट्या दुकानात पाण्याची बाटली घेतानाही. एका दिवसाला पंधरा-वीस हजार येन आणि त्यातले किमान दहा हजार हजारांच्या नोटांत, हा मध्यम भुकेच्या माणसाचा हिशोब. नाण्यांची वेगळी छोटी थैली गळ्यात किंवा कमरेला अडकवा, पाठीवरच्या सॅकमध्ये पाकीट ठेवू नका. चोरीचा प्रश्न नाही, दर वेळी सॅक उतरवायला जागाच नसते. काही टेबलांवर जपानी क्यूआर चालतो, आपल्या यूपीआयचा तिथे उपयोग नाही.

टेबलापुढचे वागणे सोपे आहे. पुस्तक बघायचे असेल तर ‘मिते मो इइ देसु का’, बघू का, म्हणा, होकार आला की दोन्ही हातांनी उचला, पाठ मोडेल इतके उघडू नका, बोटे घामेजली असतील तर आधी पुसा. आवडले नाही तर जागेवर ठेवून मान किंचित झुकवा आणि पुढे व्हा, कोणाला वाईट वाटत नाही. घ्यायचे असेल तर ‘शिनकान इचिबु कुदासाइ’, नवे पुस्तक एक द्या. जुनेही हवे असेल तर बोट दाखवून ‘कोरे मो’, हेही. पैसे आधीच मोजून हातात ठेवा. चित्रकाराशी दोन शब्द बोलायचे असतील तर मागे रांग नाही हे बघा. भारतातून आलो एवढे ‘इंदो कारा किमाशिता’ म्हणालात तर बहुतेक चेहरे उजळतात. छोटी भेट द्यायची पद्धत आहे, पण ती बंद पाकिटातली आणि टिकाऊ असावी. शेंगदाण्याची चिक्की चालेल, घरचे लाडू नकोत. टेबलाचा, पुस्तकाचा किंवा माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि आतली पाने समाजमाध्यमावर कधीच टाकू नका. दुसऱ्याच्या पात्रांवर पुस्तक काढणे जपानी कायद्यात माफ नाही. प्रकाशक काणाडोळा करतात, कारण त्यांचे पुढचे चित्रकार याच टेबलांवरून येतात. क्लॅम्प हा चित्रकथाकारांचा प्रसिद्ध गटही याच वाटेने व्यवसायात आला. त्या पुस्तकाचे स्कॅन टाकून मूळ प्रकाशकाला टॅग करणारा चाहता चित्रकाराला अडचणीत आणतो.

रांगेबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण नाशिककराला त्यात खरा रस वाटेल. सिंहस्थात रामकुंडाकडे जाणारी गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला माणसांचा लोंढा अरुंद जागेतून सुखरूप काढणे काय असते हे सांगावे लागत नाही. कोमिकेटचे स्वयंसेवक तेच काम जवळजवळ हातांच्या इशाऱ्यांवर करतात. बाहेरच्या मैदानात माणसे ठरावीक रुंदीच्या ओळींत बसवतात, अशा अनेक ओळींचा एक गठ्ठा, आणि गठ्ठा उठला की पूर्ण उठतो. मध्ये शिरायला फट नसते. स्वच्छतागृहाला जायचे असेल तर शेजाऱ्याला सांगून आणि आपल्या ओळीची खूण, जवळचा खांब किंवा पाटी, फोटोत टिपून जा. परत येईपर्यंत गठ्ठा सरकलेला असतो. पहिल्या गाडीच्या आधी पोहोचणे आणि रात्रभर बाहेर थांबणे याला सक्त मनाई आहे. धावायला मनाई आहे, आणि ती पाळली जाते. एक माणूस पडला तर त्याच्यावर पन्नास पडतील, हे तिथल्या प्रत्येकाला कळते. सेल्फी स्टिक, घडीचे स्टूल, चाकांची बॅग यांनी इतरांच्या पायांत अडथळा येतो, हॉटेलात ठेवून या.

आत एखाद्या सर्कलची रांग लांबली की शेवटच्या माणसाच्या हातात एक पाटी येते, ‘साइकोबि’, रांगेचे शेपूट. तुम्ही मागे उभे राहिलात की पुढचा ती पाटी तुमच्याकडे देतो आणि तुम्ही ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायची. तुमच्या मागे कोणी आले की त्याला द्यायची. पाटी घेऊन इकडेतिकडे बघत राहिलात की रांग फाटते. कधी पाटीवर ‘इथे शेवट नाही’ असे लिहिलेले असते, म्हणजे वाट सोडण्यासाठी रांग मधून तोडली आहे आणि उरलेला तुकडा पलीकडे आहे. नवखे नेमके इथे घुसतात आणि वीस मिनिटांनी त्यांना मागे पाठवले जाते. कान उघडे ठेवा: ‘कानबाइ’ असा पुकारा आला की त्या टेबलावरचा माल संपला, रांग सोडा. परदेशी लोकांसाठी मदत कक्ष असतो, तिथे इंग्रजी चालते, पण तो तुमची यादी करून देणार नाही.

कंपन्यांचे दालन आम्ही ‘वगळा’ या रकान्यात टाकतो. कापडी पोस्टर, ॲक्रिलिकच्या मूर्ती आणि पिशव्यांचे महागडे संच यांसाठी लागणारी रांग दिवसातली सर्वांत लांब असते आणि त्यातले बरेच काही पुढे ऑनलाइन विकले जाते. कोसप्लेचे, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याचे, चाहते असाल तर तो भाग नक्की बघा. मात्र पोशाख घालून रेल्वेने येता येत नाही. नोंदणी करून तिथल्याच कपडे बदलायच्या खोलीत बदलायचे, लांब शस्त्रांच्या मापाला मर्यादा आहेत, फोटो ठरवलेल्या जागेतच आणि विचारून.

हवामान हा दुसरा प्रतिस्पर्धी. ऑगस्टात टोकियोचा पारा ३३ ते ३५ अंशांवर आणि हवेत दमटपणा. नाशिकच्या ऑगस्टातल्या गार पावसाळी हवेतून थेट तिथे उतरले की पहिल्याच रांगेत दम निघतो. २०१३ च्या उन्हाळ्यात दालनाच्या छताखाली घामाच्या वाफेचा ढग जमल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. माणशी दोन लिटर पाणी, मिठाच्या गोळ्या किंवा इलेक्ट्रॉलची पाकिटे, टोपी आणि एक जादा टी-शर्ट. पाणी गार असणे गौण, मीठ पोटात जाणे मुख्य. नुसते पाणी ढोसणारेच दुपारी प्रथमोपचार खोलीत दिसतात. रांगेत छत्री उघडू नका, मागच्याच्या डोळ्यात जाते. डिसेंबरात सकाळी पारा दोन-चार अंशांवर आणि समुद्रावरून वारा. निफाडची थंडी सोसलेल्याला आकडा ओळखीचा वाटेल, वारा नाही. पातळ थर दोन-तीन घाला, कारण आत गेल्यावर माणसांच्या उबेनेच जाकीट नकोसे होते. पहिल्या भेटीसाठी हिवाळाच निवडा. फक्त लक्षात असू द्या, वर्षअखेरीची विमानभाडी चढलेली असतात आणि १ जानेवारीला टोकियोतली बरीच दुकाने बंद असतात.

खाण्याची सोय केंद्रात आहे, पण रांगा आणि शाकाहाऱ्याची पंचाईत. भाताच्या त्रिकोणी ओनिगिरीत उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आलुबुखारची चव शाकाहारी वाटते, पण तिच्यातही आणि कोंबू या समुद्री शेवाळासारख्या इतर सारणांतही माशाचा अर्क असू शकतो. कडक शाकाहारी किंवा जैन असाल तर चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरा बांधून न्या. ताजी फळे, अगदी आपली द्राक्षेही, जपानच्या विमानतळावर अडतात. संध्याकाळी निशी-कासाई भागात भारतीय किराणा आणि जेवण दोन्ही मिळते.

पोहोचण्याचे बघू. पासपोर्टची वही नाशिकरोडच्याच छापखान्यात छापलेली असली तरी व्हिसा घरबसल्या उगवत नाही. १ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी एकदा प्रवेशाचा, ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. विमानतळावर तो फोनवर, नेट चालू ठेवून, दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही, तेव्हा रोमिंग किंवा ई-सिम उतरण्याआधीच सुरू करा. ओझरहून दिल्लीमार्गे जा नाहीतर मुंबईहून. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो, तरी मुंबईतल्या गर्दीसाठी दोन तास राखून निघा. टोकियोत रिंकाइ लाइनचे कोकुसाइ-तेनजिजो किंवा युरिकामोमेचे टोकियो बिग साइट, ही दोन स्टेशने. मुक्काम रिंकाइ लाइनवर ओसाकी, ओइमाची किंवा शिन-किबा इथे शोधा. आरिआकेतली हॉटेले कित्येक महिने आधी भरतात. सुइका कार्डात परतीचे पैसे आदल्या दिवशीच भरा, चार वाजता सगळे टाळ्या वाजवून उठले की स्टेशनवरच्या यंत्रापुढे जी रांग लागते ती टाळण्यासारखी आहे.

प्रौढांसाठीची पुस्तके तिथे भरपूर असतात, वेगळी मांडलेली, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट मागतात. ती घेऊ नका. अश्लील साहित्य भारतात आणायला सीमाशुल्क कायद्याने बंदी आहे आणि लहान वयाची दिसणारी पात्रे असतील तर प्रकरण दंडावर थांबत नाही. जपानी कायद्याप्रमाणे चालते हा युक्तिवाद मुंबई विमानतळावर कामाचा नाही.

वजनाचा अंदाज आधी करा. बी५ आकाराचे पातळ पुस्तक शंभर ते दीडशे ग्रॅम भरते, म्हणजे साठ पुस्तके सहा ते नऊ किलो. पुस्तकांचे कोपरे दुमडतात ते सॅकमध्ये उभी कोंबल्यामुळे. कडक प्लास्टिकच्या ए४ फाइलमध्ये आडवी ठेवा, बी५ त्यात आरामात बसते. केंद्रातच कुरिअरचे काउंटर असतात, खोके तिथेच मिळते आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलवर पोहोचते, पण दुपारी तीननंतर तिथली रांग बघून माणूस सॅक उचलून चालू लागतो. दोन वाजता पाठवा.

ज्यांना कुठल्याच मालिकेचे वेड नाही, नुसती चांगली चित्रकथा हवी, त्यांनी कोमिकेटऐवजी कोमितिया गाठावे, आणि नाशिकहून एवढा खर्च करणाऱ्या निम्म्या लोकांना हाच सल्ला लागू पडेल. १९८४ पासून चालणारे हे संमेलन वर्षातून साधारण चार वेळा त्याच बिग साइटमध्ये भरते, एकच दिवस, अकरा ते चार. इथे फक्त स्वतःच्या कल्पनेतली निर्मिती चालते, दुसऱ्याची पात्रे नाहीत. गर्दी कमी, चित्रकाराशी बोलायला वेळ, आणि नमुना प्रती बसून चाळायचा स्वतंत्र कोपरा, जो भाषा न येणाऱ्याला वरदान आहे. त्याच्या ‘तियाझ मॅगझीन’ या कॅटलॉगमध्ये मागच्या वेळच्या पुस्तकांवर वाचकांनी लिहिलेली मतेही छापतात.

संपलेले पुस्तक हवेच असेल तर आधी सर्कलच्या खात्यावर ‘इताकु’, म्हणजे दुकानात विक्रीला ठेवले आहे का, ते बघा. अकिहाबाराचे मेलनबुक्स हा पहिला पत्ता. वर्षानुवर्षे जुने हुडकायचे तर नाकानो ब्रॉडवेमधले मांदाराके, जिथे जुन्या प्रती प्लास्टिकमध्ये बंद आणि किंमत कधी छापील किमतीच्या निम्मी, कधी दसपट. विकत न घेता नुसते बघायचे असेल तर मेइजी विद्यापीठाचे योनेझावा योशिहिरो स्मृती ग्रंथालय आहे, २००९ मध्ये सुरू झालेले. कोमिकेटचे १९८० ते २००६ पर्यंतचे अध्यक्ष योनेझावा यांच्या संग्रहातून ते उभे राहिले आणि कोमिकेटला जमा होणाऱ्या नमुना प्रतींचा काही भाग तिथे सभासदत्व घेऊन पाहता येतो. वर्षअखेरीच्या सुट्टीत उघडे आहे का ते निघण्याआधी तपासून घ्या.